अपील संपलं, फाशी कायम झाली: आता अरूशा की बांजूल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या भावाचं टांझानियात म्वांझाला गॅरेज आहे. त्याच्याकडे अकरा वर्षं काम केलेल्या एका स्थानिक मेकॅनिकला खुनाच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली आणि गेल्या वर्षी तिथल्या अपील न्यायालयानं ती कायम केली. कुणीतरी भावाला सांगितलं की 'अरूशाला आफ्रिकेचं मोठं कोर्ट आहे, तिथं गेलं की फाशी रद्द होते.' हे खरं आहे का, आणि असेल तर कोल्हापुरातून तुम्ही काय करू शकता, हे तुम्हाला विचारायचंय.

सांगणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. पण जे अर्धं चुकतं, त्यातच माणसाची वर्षं वाया जातात. या प्रकारच्या फायली मी आधी दार-ए-सलामला आणि पुढे अरूशात बरीच वर्षं हाताळल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं पहिलं वाक्य 'तो निर्दोष आहे' हेच असतं. असेलही. पण अरूशाचं न्यायालय, म्हणजे मानवी आणि जनसमूहांच्या हक्कांचं आफ्रिकन न्यायालय, हे वरचं अपील कोर्ट नाही. साक्षीदार खरं बोलला की खोटं, रक्ताचा डाग कुणाचा, हे ते पुन्हा तोलत बसत नाही. 2013 सालीच मलावीच्या एका प्रकरणात त्यानं हे स्पष्ट केलंय. तिथं एवढंच विचारलं जातं की या माणसाला फाशीपर्यंत ज्या वाटेनं नेलं, ती वाट आफ्रिकन सनदेला धरून होती का?

ही सनद म्हणजे मानवी आणि जनसमूहांच्या हक्कांची आफ्रिकन सनद. 1981 साली स्वीकारली गेली आणि 1986 पासून लागू आहे. आपल्या कामाची कलमं तीन. कलम 4 म्हणतं, कुणाचाही जीव मनमानीनं घेता येणार नाही. कलम 5 प्रतिष्ठेचं, छळबंदीचं. कलम 7 न्याय्य खटल्याचं: वकील, बचावाची संधी, निःपक्षपाती न्यायालय, वाजवी वेळेत निकाल. फाशीच देता येणार नाही, असं सनदेत कुठंही लिहिलेलं नाही. म्हणून आपण फाशीवर थेट घाव घालत नाही, 'मनमानी' या शब्दाला धरून आत शिरतो.

टांझानियाच्या बाबतीत हा शब्द फार उपयोगी पडला. तिथल्या दंडविधानाचं कलम 197 सांगतं की खून सिद्ध झाला की शिक्षा फाशीच. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. आरोपी एकोणीस वर्षांचा होता की साठचा, भांडणाच्या भरात घडलं की महिनाभर कट शिजवून, कशाचाच विचार करायची मुभा नाही. गंमत म्हणा की दैव, 1930 सालापर्यंत टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागात, आपलं भारतीय दंडविधानच चालत होतं, आणि त्याच्या 302 मध्ये फाशी किंवा जन्मठेप असा पर्याय होता. नंतर वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी नवा कायदा आणला आणि इंग्लंडची अनिवार्य फाशी तिथं रुजली. आपल्याकडेही 303 मध्ये जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला तर फाशीच, अशी तरतूद होती. ती सर्वोच्च न्यायालयानं 1983 साली मिठू प्रकरणात रद्द केली. तेव्हा हा युक्तिवाद आपल्याला परका नाही.

अरूशात हा मुद्दा निकाली निघाला तो अली रजाबू आणि इतर विरुद्ध टांझानिया या प्रकरणात. पाच कैदी. मोशीला भरलेल्या उच्च न्यायालयात 2011 साली दोषी ठरले, 2013 साली अपील फेटाळलं गेलं, 2015 साली अरूशात अर्ज. मार्च 2016 मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की निकाल लागेपर्यंत यांना फाशी देऊ नका. मग 28 नोव्हेंबर 2019 ला निकाल. जीव घेणारी शिक्षा मनमानी ठरू नये म्हणून न्यायालयानं तीन कसोट्या लावल्या: ती कायद्यात आहे का, सक्षम न्यायालयानं दिली का, आणि देताना न्याय्य प्रक्रिया पाळली का. पहिल्या दोन पार झाल्या, तिसरीवर कलम 197 अडकलं. न्यायाधीशाला शिक्षेबद्दल विचारच करता येत नसेल तर ती न्याय्य प्रक्रिया कसली? कलम 4 चा भंग ठरला. गळफासाची पद्धत प्रतिष्ठेला बाधा आणते, म्हणून कलम 5 चाही.

आता नीट ऐका, कारण इथंच बहुतेकांचा गैरसमज होतो. न्यायालयानं त्या पाचजणांना 'सोडा' असं म्हटलं नाही. पुराव्याबद्दलच्या त्यांच्या तक्रारी मान्यही केल्या नाहीत. आदेश असा होता: एका वर्षात कायद्यातली अनिवार्य फाशी काढा, आणि यांच्या शिक्षेपुरती सुनावणी पुन्हा घ्या, न्यायाधीशाला पूर्ण मुभा देऊन. म्हणजे दोष कायम, शिक्षा पुन्हा ठरवायची. आपल्या लोकांना हे समजवायला मी कुलभूषण जाधव प्रकरणाचा दाखला देते. कोर्ट वेगळं, मुद्दा वकिलातीच्या संपर्काचा. पण 2019 साली हेगच्या न्यायालयानंही फाशी रद्द करून त्यांना सोडा ही भारताची मागणी मान्य केली नव्हती. पाकिस्ताननं शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये, असं म्हटलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयांची ही रीतच आहे. ती चेंडू परत देशाच्या अंगणात टाकतात.

देश तो उचलतोच असं नाही. टांझानियाला दिलेलं एक वर्ष केव्हाच उलटलं. नंतरच्या अमिनी जुमा, गोझबर्ट हेनेरिको, घाती म्विटा या प्रकरणांत न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं.

आणि आता तुमच्या प्रकरणातली खरी अडचण. अरूशाच्या न्यायालयात व्यक्तीला थेट जाता येतं ते त्या देशानं तशी वेगळी घोषणा करून दिली असेल तरच. न्यायालय ज्या करारानं स्थापन झालं त्या प्रोटोकॉलचं कलम 34, उपकलम 6. टांझानियानं ती घोषणा दिली होती. 21 नोव्हेंबर 2019 ला, म्हणजे रजाबू निकालाच्या बरोबर आठवडाभर आधी, ती मागे घेतली. न्यायालयानं रवांडाच्या प्रकरणात आधीच ठरवलेलं होतं की अशी माघार एक वर्षानं लागू होते आणि तोवर दाखल झालेल्या अर्जांना धक्का लागत नाही. त्या हिशेबानं 22 नोव्हेंबर 2020 ला टांझानियाच्या कैद्यांसाठी अरूशाचं थेट दार बंद झालं. न्यायालयाची इमारत त्यांच्याच देशात, आणि आत जायची सोय त्यांनाच नाही! रवांडा, बेनिन, आयव्हरी कोस्ट आणि अलीकडे ट्युनिशियाही याच वाटेनं गेले. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी 'देश कोणता आणि तारीख कोणती' हाच असतो. गुन्हा काय, हे नंतर.

तुमचा माणूस 2020 नंतरचा. त्याच्यासाठी वाट आहे ती गांबियातल्या बांजूलची, मानवी आणि जनसमूहांच्या हक्कांच्या आफ्रिकन आयोगाची. आयोग 1987 पासून काम करतो आणि तिथं कुठल्याही विशेष घोषणेची गरज नाही. सनदेला मान्यता दिली की देश आयोगापुढे उभा राहतो, आणि आफ्रिकन संघातल्या देशांपैकी फक्त मोरोक्कोनं ती दिलेली नाही. फी नाही. वकील असलाच पाहिजे असं नाही. पीडितानं स्वतःच तक्रार करायला हवी असंही नाही, दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. शिवाय प्रोटोकॉल मान्य केलेल्या देशाविरुद्धचं प्रकरण आयोग स्वतः अरूशाला पाठवू शकतो. लिबियानं व्यक्तींसाठी दार कधीच उघडलं नव्हतं, तरी गद्दाफींचा मुलगा सैफ अल-इस्लाम याच्या अटकेचं आणि खटल्याचं प्रकरण आयोगानंच न्यायालयात नेलं, आणि 2016 साली न्यायालयानं लिबियाला दोषी धरलं. असं रोज होत नाही. पण मागणी करून ठेवायला हरकत काय?

आयोगाची ताकद किती, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या त्या देशाच्या मनावर आहे. तीन प्रसंग सांगते.

नायजेरियात झमानी लेक्वोट आणि त्यांच्या साथीदारांना 1993 साली एका विशेष न्यायाधिकरणानं फाशी सुनावली, तीही अपीलाची सोय न ठेवता. तक्रार बांजूलला गेली, आयोगानं फाशी थांबवायला सांगितलं, आणि लष्करी सरकारनं शिक्षा पाच वर्षांच्या कैदेवर आणली. दोनच वर्षांनी त्याच देशात लेखक-कार्यकर्ते केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांसाठी तशीच विनंती गेली. सरकारनं ती बाजूला सारून 10 नोव्हेंबर 1995 ला नऊही जणांना फासावर चढवलं. आयोगानं 1998 साली निकाल दिला की अन्याय्य खटल्यातून दिलेली फाशी म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, आणि अंतरिम विनंती धुडकावणं हाही सनदेचा भंग. निकाल चांगला आहे, आजही आम्ही तो प्रत्येक अर्जात उद्धृत करतो.

तिसरा प्रसंग बोत्सवानाचा, आणि त्यानं मला माझ्या कामाची सवय लावली. मारिएट बॉश या दक्षिण आफ्रिकी बाईंचं अपील जानेवारी 2001 मध्ये फेटाळलं गेलं. आयोगाच्या अध्यक्षांनी 27 मार्चला राष्ट्राध्यक्षांना पत्र पाठवलं की फाशी थांबवा. पत्र गेलं फॅक्सनं. 31 मार्चला बॉशबाईंना फाशी दिली गेली. पुढे सरकार म्हणालं, आम्हाला पत्र मिळालंच नाही. आणि ते मिळाल्याचा पुरावा समोर नव्हता, त्यामुळे आयोगाला त्या मुद्द्यावर सरकारला धरता आलं नाही. एका फॅक्सची पोच! तेव्हापासून अंतरिम विनंती गेली की तिची प्रत त्याच दिवशी महान्यायवादी, परराष्ट्र खातं, तुरुंग खातं आणि त्या देशाची वकिलात या सगळ्यांकडे जाते, आणि प्रत्येकाची पोच मी फायलीला टाचते. ऑफिसातली मुलं हसतात. हसू देत.

टांझानियात 1990 च्या दशकाच्या मध्यापासून कुणाला प्रत्यक्ष फाशी दिली गेलेली नाही. त्यामुळे तुमच्या माणसाच्या बाबतीत उद्याच दोर तयार होईल अशी भीती आज नाही. बोत्सवानात असतात तर मी हे उत्तर लिहीत बसले नसते, आधी तुम्हाला फोन केला असता. पण वेळ आहे म्हणून सुस्त राहिलात तर तीच वेळ उलटते. सांगते कसं ते.

सनदेच्या कलम 56 मध्ये तक्रार दाखल करून घेण्याच्या सात अटी आहेत. त्यातल्या तिघींवर प्रकरणं पडताना मी पाहिली आहेत. पहिली, देशातले उपाय संपलेले हवेत. अपील न्यायालयाचा निकाल आला की टांझानियात सर्वसाधारण उपाय संपले असं अरूशाचं न्यायालय धरत आलंय. अपील न्यायालयाकडे पुनर्विलोकन मागणं किंवा मूलभूत हक्कांची वेगळी याचिका करणं हे असाधारण उपाय आहेत, ते केलेच पाहिजेत असं नाही. आयोगानंही तसंच धरावं यासाठी हे निकाल अर्जात जोडायचे. दुसरी अट मुदतीची. सनद म्हणते 'वाजवी काळात', आकडा देत नाही. अरूशात एका निरक्षर, वकील नसलेल्या कैद्याला पाच वर्षांहून जास्त उशीर माफ झाला. आणि दुसऱ्या एका प्रकरणात साधारण तेवढ्याच उशिराचं कारण दिलं नाही म्हणून अर्ज गेला. बांजूल याहून कडक. झिम्बाब्वेच्या एका माजी न्यायाधीशांचा अर्ज आयोगानं बावीस महिन्यांच्या उशिरासाठी नाकारलाय. मी आमच्याकडे सहा महिन्यांचं लक्ष्य ठेवते. तुमचं वर्ष होत आलंय, म्हणजे उशिराचं कारण आत्तापासूनच लिहून ठेवा: निकालाची प्रत केव्हा मागितली, केव्हा मिळाली, कैद्याची भेट केव्हा होऊ दिली.

तिसरी अट ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं: तक्रारीत अपमानास्पद भाषा नको. कॅमेरूनच्या एका संघटनेची तक्रार आयोगानं याच कारणावरून फेटाळली. त्यात राजवटीला 'छळ करणारे' वगैरे म्हटलं होतं. कैद्यांच्या अर्जात 'विकला गेलेला जज्ज' हे शब्द हमखास असतात. मी ते काढते आणि त्याजागी काय घडलं तेवढंच लिहिते: वकील पहिल्यांदा खटल्याच्या सकाळी भेटला, दुभाषा नव्हता, कबुलीजबाबावर सही कुणासमोर झाली.

एकदा माझ्याकडे तुरुंगातून वहीच्या दोन पानांवर लिहिलेला अर्ज आला होता. स्वाहिलीत, निळ्या बॉलपेननं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. खाली अंगठा आणि अंगठ्याशेजारी तुरुंगाचा शिक्का. मजकूर उत्तम होता. लिहून देणारा सोबतचा कैदी आधी शाळामास्तर होता. पण शिक्क्यातली तारीख अर्धी पुसलेली. महिना दिसायचा, वर्ष नाही. त्या एका आकड्यासाठी तुरुंगाच्या आवक-जावक नोंदवहीची नक्कल मिळवायला आम्हाला पाच महिने लागले.

आतापर्यंतचं थोडक्यात: 'तो निर्दोष आहे' हा मुद्दा इथं चालत नाही, 'न्यायाधीशाला पर्यायच नव्हता' आणि 'खटला न्याय्य नव्हता' हे चालतात. अरूशाचं थेट दार टांझानियासाठी बंद आहे, बांजूलचं उघडं आहे. आणि घड्याळ अपीलाच्या निकालाच्या तारखेपासून चालू झालंय.

वाचणाऱ्यांत कुणाचा माणूस पश्चिम आफ्रिकेत असेल तर त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे, नायजेरियातल्या अबुजाचं एकोवास न्यायालय, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघटनेचं न्यायालय. तिथं देशातले उपाय संपवण्याची अटच नाही. थँकगॉड एभोस या कैद्याचं उदाहरण पाहा. 24 जून 2013 ला बेनिन सिटीच्या तुरुंगात त्याच्या डोळ्यांदेखत चौघांना फाशी दिली, पाचवा तो. त्याची शिक्षा गोळ्या घालण्याची होती, दोराची नव्हे, म्हणून त्याला परत कोठडीत नेलं. 2014 साली एकोवास न्यायालयानं त्याला मारायला मनाई केली आणि त्याच वर्षी तो सुटला. नायजेरियाचं न ऐकण्याचं रेकॉर्ड मोठं आहे, पण तो माणूस जिवंत बाहेर आला. मात्र माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी 2025 मध्ये एकोवासमधून बाहेर पडले, हे लक्षात ठेवा.

आता कोल्हापुरातून तुम्ही काय कराल? कायद्याचा मसुदा तुमच्याकडून नको. तो करायला अरूशात पॅन-आफ्रिकन लॉयर्स युनियनसारख्या संस्था आहेत, त्यांनी अशा कितीतरी कैद्यांची बाजू मांडली आहे. तुम्ही आणि भावानं जमवायचं ते दुसरं कुणी जमवत नाही: त्या माणसाचं आयुष्य. मलावीत 2007 साली उच्च न्यायालयानं काफांतायेनी प्रकरणात अनिवार्य फाशी घटनाबाह्य ठरवली. पुढे जुन्या कैद्यांच्या शिक्षेच्या सुनावण्या नव्यानं घेतल्या, आणि शंभराहून अधिक माणसं सुटून घरी गेली. त्या सुनावण्यांमध्ये काय उपयोगी पडलं? गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं बालपण, दवाखान्याचे जुने कागद, मानसिक आजाराची नोंद, गुन्ह्याच्या वेळचं वय. मूळ खटल्यात यातलं काही कुणी विचारलेलंच नव्हतं, कारण शिक्षा ठरलेलीच असेल तर विचारून उपयोग काय?

टांझानियात असा दिवस कधी येईल, हे मी सांगू शकत नाही. पण आला, किंवा आयोगानं फेरसुनावणी सुचवली, किंवा राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज गेला, तरी लागणार आहे हेच. तेव्हा भावाला सांगा, अकरा वर्षांची हजेरी आणि पगाराची वही जपून ठेवायची. सोबत काम केलेल्यांची लेखी निवेदनं घ्यायची. त्याच्या गावी एकदा जाऊन आईला, शाळेतल्या गुरुजींना भेटायचं. डोक्याला मार लागला होता का, फिट येत होत्या का, हे आवर्जून विचारायचं. दयेच्या अर्जाची मुदत स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या; तो अर्ज आणि बांजूलची तक्रार एकाच वेळी चालू शकतात, एकामुळे दुसरं अडत नाही.

आणि वर्षांची तयारी ठेवा. आयोगाचे निकाल आठ-आठ, दहा-दहा वर्षं लांबलेले मी पाहिले आहेत. घरच्यांना 'पुढच्या दिवाळीपर्यंत सुटेल' असं कृपा करून कुणी सांगू नका. त्याच्या आईला तर मुळीच नाही.

या आठवड्यात एकच काम करा. अपील न्यायालयाच्या निबंधकांकडून निकालाची प्रमाणित नक्कल मागवा, आणि मागणी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. नक्कल हातात आली की पहिलं आणि शेवटचं पान मला पाठवा, शिक्का वाचता येईल असं.